कळसूबाई, अर्धा तास बाकी



या मालिकेत माझ्या आधी बोलून गेलेल्या बऱ्याच जणांनी काही ना काही सर केलेलं होतं. मी आज तुमच्यासमोर उभा आहे तो एक डोंगर न चढता परत आलेला माणूस म्हणून. डोंगर म्हणजे आपली कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. कॉलेजातली पोरं रविवारी सकाळी चढून संध्याकाळी मुंबईला घरी जेवायला पोहोचतात. आणि चौतीस वर्षं फौजेत काढलेला मी, सहा माणसांचं पथक घेऊन, शेवटच्या शिडीखालून मागे फिरलो. माथा अर्ध्या तासावर होता, आकाश निरभ्र होतं आणि कुणाला काही झालेलं नव्हतं.

त्या अर्ध्या तासामुळे आमच्या घरात सहा महिने एक माणूस माझ्याशी बोलत नव्हता. ती गोष्ट सांगतो. आणि ती सांगताना, साठीच्या पुढच्या माणसांनी डोंगराचा बेत कसा आखावा हेही सांगतो, कारण प्रश्न विचारणारे बरेच जण त्याच वयाचे आहेत.

आधी थोडी ओळख. मी सिग्नल्समधला. शेवटची नेमणूक जबलपूरला होती, निवृत्तीनंतर इथेच राहिलो. बाहेरचे मराठी लोक विचारतात, जबलपूरला मराठी माणसं कशी? अहो, १७८१ पासून १८१७ पर्यंत इथे मराठ्यांचा अंमल होता. नंतर रेल्वे आली, १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी आली, नोकरीधंद्याने माणसं येत राहिली. माझी सासुरवाडी त्याच फॅक्टरीतली. बायकोचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, तिथे टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. वय ६८. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात एक स्टेंट बसवला आहे. गोष्टीतला मुख्य माणूस तेच.

सुरुवात झाली इंग्लंडमध्ये. माझी मुलगी मँचेस्टरला असते. दोन वर्षांपूर्वी तिने आम्हाला लेक डिस्ट्रिक्टला नेलं. तिकडे डोंगराला ‘फेल’ म्हणतात. कॅटबेल्स नावाचा एक फेल, खाली डर्वेंटवॉटर नावाचं तळं. उंची ४५१ मीटर. आता आमचं जबलपूरच समुद्रसपाटीपासून चारशे मीटरवर वसलेलं, त्यामुळे मी मनात म्हटलं, ह्यात काय आहे! पण वाटेवर भेटलेली माणसं पाहून गप्प बसलो. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत नकाशा, पाठीवर चहाचा थर्मास, पट्ट्याला शिटी. चारशे एक्कावन्न मीटरला शिटी! मुलीने सांगितलं, इथला संकटाचा इशारा म्हणजे एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. जवळच हेल्वेलिन नावाचा ९५० मीटरचा फेल आहे. तिथे हिवाळ्यात एक माणूस रोज माथ्यापर्यंत चढतो आणि वर बर्फ किती, वारा किती, याची खबर खाली देतो. साडेनऊशे मीटरच्या डोंगराला त्या लोकांनी एवढा मान दिलेला पाहून मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर दादांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिले आणि म्हणाले, “तळं आणि डोंगर पाहायला एवढं विमानाने कशाला जायला पाहिजे? आमच्या आईच्या माहेरी काय कमी आहे?”

त्यांच्या आईचं माहेर अकोले तालुक्यातलं. नवरात्रात कळसूबाईला जाणाऱ्यांपैकी ते घर. प्रवरेवर इंग्रजांनी बांधलेलं धरण १९२६ साली पुरं झालं, त्यामागचा जलाशय म्हणजे भंडारदरा. कळसूबाईच्या वाटेवर चढताना तेच पाणी खाली दिसत राहतं. लग्न होऊन आई जबलपूरला आली ती पुन्हा कधी वर गेली नाही. मुलांना घेऊन एकदा जायचं म्हणत राहिली. दादांना ते करायचं होतं. पचमढी आम्हाला किती जवळ, धूपगड आहे, चौरागड आहे, विदर्भातली मंडळी खांद्यावर त्रिशूळ घेऊन महाशिवरात्रीला तिथे येतात. मी म्हटलं, आधी तिकडे जाऊ. दादा म्हणाले, “तुम्ही जा.”

म्हणून कळसूबाई ठरली. मंडळी कोण? मी, माझी बायको, दादा, त्यांचा मुलगा, आणि आमच्या इमारतीतलं एक जोडपं, दोघंही बँकेतून निवृत्त. वहिनींचे गुडघे दुखतात, त्या खाली गावात थांबणार. मी एका कागदावर आदेश लिहून काढला: उद्देश, वेळा, कोणाकडे काय, काय झालं तर काय. भाचा कागद पाहून म्हणाला, “काका, ट्रेक आहे, युद्ध नाही.” मी म्हटलं, युद्धात निदान मागे ॲम्ब्युलन्स असते.

आता बेताकडे येतो.

बेत शेवटापासून आखायचा. अंधार किती वाजता पडतो ते आधी पाहायचं आणि मग उलटं मोजत यायचं. इथेच पहिला खड्डा होता. डिसेंबरात जबलपूरला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि साडेसहाच्या जरा पुढे उगवतो. आमच्या अंगात ती वेळ मुरलेली. पण भंडारदरा आमच्यापेक्षा सहा अंश पश्चिमेला आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरली तर पंचवीस मिनिटांचा फरक. तिथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, सहाला जरा कमी असताना मावळतो. म्हणजे पहाटे जास्त वेळ टॉर्च लागणार, संध्याकाळी थोडा उजेड जास्त मिळणार. देश एका घड्याळावर चालतो, पण सूर्याला ते कोणी सांगितलेलं नाही.

मग माणसं किती वेगाने चढतात. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब घालून दिला, तो अजून चालतो: पाच किलोमीटर चालायला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट तरुणाचा, न थांबणाऱ्याचा. आमच्या पथकाला तो लावणं म्हणजे स्वतःची थट्टा. बारी गावातून माथ्यापर्यंत चढ आठशे मीटरच्या वर. म्हणून मी ठरवलं, पुस्तकातला वेग नको, आपला मोजायचा.

मोजायला आमच्याकडे मदनमहालची टेकडी आहे. ज्यांनी जबलपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गावाच्या कडेला ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत, मोठमोठे गोल धोंडे एकमेकांवर ठेवल्यासारखे. वर गोंड राजांची छोटी गढी. खाली संग्रामसागर, गोंड राजा संग्रामशाहाच्या नावाचं तळं, काठावर बाजनामठ. टेकडीवरचा एक धोंडा नुसत्या टेकूवर उभा आहे, त्याला बॅलन्सिंग रॉक म्हणतात. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला, गावातली किती घरं पडली, तो धोंडा हलला नाही. गंमत म्हणजे कळसूबाईवरून समोर जे अलंग, मदन, कुलंग किल्ले दिसतात त्यातही एक मदन आहे. दादांना हा योग फार आवडला होता.

ऑगस्टपासून दर रविवारी सकाळी सहाला आम्ही संग्रामसागरावर जमायचो. माझ्या घड्याळात उंचीमापक आहे, त्याने आमच्या वाटेचा चढ नव्वद मीटर दाखवला. अशा नऊ टेकड्या एकावर एक ठेवल्या की झाली कळसूबाई. आधी एक फेरी, मग दोन, नोव्हेंबरात तीन. पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि माणशी तीन लिटर न्यायचं तर ते तीन किलो आधी पाठीला माहीत व्हायला हवेत. उतरताना खोव्याची जिलबी ठरलेली. दादा जिलबीकडे पाहायचे आणि वहिनी दादांकडे पाहायच्या.

वेळ मी सगळ्यात हळू चालणाऱ्याची धरली. ते दादा होते. त्यांना चढायला बावीस मिनिटं लागायची. बावीस गुणिले नऊ, तीन तास अठरा मिनिटं. विश्रांतीला पावणेदोन तास धरले. एकूण पाच तास. पहाटे साडेपाचला निघालो की साडेदहाला माथा. हा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. शिड्या म्हणजे खरं तर कठडे असलेले उभे जिने, पण ज्याला उंचीची भीती त्याला कठडा दिसत नाही, फक्त खालची पोकळी दिसते. शेजारच्या वहिनींना ती भीती होती. त्यावर आम्ही इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची शिडी वापरली. रोज संध्याकाळी पाच वेळा वर, पाच वेळा खाली. पहिल्या दिवशी त्यांच्या नवऱ्याने खालून सूचना दिल्या, दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला खाली घरीच बसवला. मग जमलं. सलवार-कमीज, ओढणी पिशवीत, हातात सुती मोजे, कारण पहाटे लोखंड थंडगार असतं.

औषधांचं सांगतो, कारण यात लोक लाजतात. दादांच्या डॉक्टरांनी ट्रेडमिलवर तपासणी करूनच होकार दिला. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू. अशा माणसाला साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही, म्हणून दाबून बांधायच्या दोन रुंद पट्ट्या माझ्या पिशवीत आणि दोन भाच्याच्या. जिभेखाली ठेवायची गोळी दादांच्या शर्टाच्या डाव्या खिशात. ती तिथे आहे हे पथकातल्या प्रत्येकाला माहीत, आमच्याबरोबर येणाऱ्या बारीतल्या मुलालाही. गोळी पिशवीच्या तळाशी आणि पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर, असं असलं तर ती घरी ठेवल्यासारखीच. अत्तर, सुगंधी तेल बंद, धूर करायचा नाही. सह्याद्रीत आग्यामाश्या उठल्या की कर्नल असो की कारकून, सगळे सारखेच पळतात.

मोसम डिसेंबरचा निवडला. पावसाळ्यात कळसूबाई देखणी असते, मान्य. पण तेव्हा शिड्या निसरड्या, वर ढग, भंडारदऱ्याचं पाणी दिसतच नाही आणि रविवारी शिडीखाली रांग. आम्ही मंगळवार धरला.

खाली वहिनी आमचं कंट्रोल स्टेशन. त्यांच्याकडे कागद: निघालो किती वाजता, वाट कोणती, कपडे कोणते, संध्याकाळी पाचपर्यंत आलो नाही तर गावात कोणाला सांगायचं. मी आयुष्यभर बिनतारी यंत्रांचं काम केलं, म्हणून तुम्हाला सांगू शकतो की डोंगरात फोन लागेल हे गृहीत धरणं ही सगळ्यात मोठी चूक. लागला तर बोनस.

आणि कागदावरची शेवटची ओळ: साडेअकरा वाजता, जिथे असू तिथून, सगळे परत. ही ओळ मी लाल शाईने लिहिली होती. सगळ्यांनी वाचून खाली सही केली. भाच्याने हसत केली. दादांनी न बोलता केली.

ती ओळ कुठून आली ते सांगतो. १९८६ साली मी कॅप्टन होतो. उत्तरेकडे एका धारेवर रिले सेट बसवायचा होता, माझ्याबरोबर पाच जवान. दुपारी एकला परत फिरायचं असं मीच ठरवलेलं. एक वाजला तेव्हा जागा समोर दिसत होती, चाळीस मिनिटांवर. मी म्हटलं, चला. सेट बसला, बोलणंही झालं, खालून शाबासकी आली. उतरताना हवा फिरली. रात्र एका खडकाच्या आडोशाला काढली. एका जवानाच्या पायाची दोन बोटं गेली. चौकशीत कोणी मला दोष दिला नाही, कारण काम झालं होतं. तो जवान आता आजोबा झाला आहे. दर १५ जानेवारीला, आर्मी डेला, न चुकता फोन करतो. “साब, सब ठीक?” मी म्हणतो, सब ठीक. बोटांविषयी त्याने आजवर एक शब्द काढलेला नाही.

बस. आता कळसूबाई.

रात्रीची गाडी, इगतपुरी, तिथून जीप, घोटीवरून बारी. दोन रात्री गावातल्या एका घरी मुक्काम, बाजरीची भाकरी आणि पिठलं. पहाटे साडेपाचला निघालो. पुढे बारीतला मुलगा, मग दादा, कारण हळू माणूस पुढे ठेवायचा असतो, मागे ठेवला की तो मागेच पडत जातो. शेवटी मी. पहिला तास अंधारात, टॉर्चच्या उजेडात शेताचे बांध, मग झाडी. सात वाजता उजाडलं आणि खाली पाणी दिसलं. भंडारदऱ्याचं पाणी तेव्हा शिशाच्या रंगाचं असतं, मग हळूहळू निळं होतं. माझ्या बायकोने विचारलं, “तुमचं ते इंग्लंडचं तळं बरं की हे?” मी म्हटलं, तिथे चहा महाग होता.

पहिली शिडी शेजारच्या वहिनी अशा चढल्या की जणू टाकीचं पाणी पाहायला निघाल्या आहेत. सगळं छान चाललं होतं. फक्त वेळ सरकत होती. नऊ वाजता जिथे असायला हवं होतं तिथे आम्ही पावणेदहाला पोहोचलो. दादांची नाडी मी दर थांब्याला पाहत होतो. ठीक होती. छातीत काही नाही, चक्कर नाही. माणूस आपल्या गतीने चढत होता, एवढंच. साडेदहा वाजले, माथा बराच वर. अकरा वाजले. साडेअकराला आम्ही विहिरीपाशी होतो. माथ्याखाली, शेवटच्या शिडीच्या अलीकडे ही विहीर आहे. बारीतला मुलगा म्हणाला, “इथून अर्धा तास.”

मी म्हटलं, परत.

कोणी काही बोललं नाही. मग दादांनी पिशवी उघडली आणि आतून नारळ काढला. खण काढला, हळदीकुंकवाची पुडी काढली. तीन लिटर पाणी आणि वर तो नारळ, तीन महिन्यांच्या सगळ्या रविवारी तो त्या पिशवीत होता आणि आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. म्हणाले, “आईची ओटी आहे. अर्धा तास जायला, दहा मिनिटं वर, वीस मिनिटं इथवर परत. एक तास. पाचला खाली. सूर्य सहाला मावळतो, तुम्हीच सांगितलं. तासभर उरतो.”

हिशेब बरोबर होता. फोरमनचा हिशेब. मी म्हटलं, तो तास एका मुरगळलेल्या पायाचा आहे, दादा. शिडीवरून माणूस उचलून आणायचा तर चार माणसं आणि तीन तास लागतात. ते म्हणाले, पाय मुरगळलेला नाही. मी म्हटलं, या मुलाबरोबर ओटी वर पाठवू, तो वीस मिनिटांत जाऊन येईल. तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी सांगत बसत नाही. भाचा म्हणाला, “मी बाबांना घेऊन जातो, तुम्ही बाकीचे उतरा.” त्यावर माझा आवाज चढला. घरच्या माणसांवर मी तो आवाज त्याआधी कधी काढला नव्हता. बायकोने मान खाली घातली. दादांनी नारळ परत पिशवीत ठेवला आणि उतरायला लागले. पुढे तेच.

आता यानंतर ढग आले, वीज पडली, असं काही सांगता आलं असतं तर माझी बाजू किती सोपी झाली असती! काही झालं नाही. कुणाचा पाय घसरला नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही बारीत होतो. ऊन अंगणात पसरलेलं, कोंबड्या फिरताहेत, वहिनींनी चहा टाकलेला. दादा ओट्यावर बसले, बूट काढले आणि म्हणाले, “कर्नलसाहेब, दोन तास वीस मिनिटं शिल्लक राहिली तुमची. जबलपूरला घेऊन चला.”

गाडीत ते दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. संक्रांतीला तिळगूळ वहिनींच्या हाती आला. रविवारी संग्रामसागरावर येणं बंद. बायको माझ्या बाजूने बोलली नाही आणि भावाच्याही नाही, एकदाच म्हणाली, “तुमचं बरोबर असेल. पण आई माझीही होती.” त्यावर मला उत्तर नव्हतं. माझ्या मनात त्या जवानाची दोन बोटं होती, दादांच्या मनात आईचा नारळ. परत फिरणाऱ्याची पंचाईतच ही आहे, मंडळी. पुढे गेलो असतो तर काय झालं असतं हे त्याला कधीच दाखवता येत नाही. मी रात्री जागा राहून विचार करायचो, की मी दादांना सांभाळत होतो की १९८६ चा हिशेब त्यांच्याकडून चुकता करून घेत होतो? खरं सांगतो, अजून मला नीट ठरवता आलेलं नाही.

जून उजाडला. पहिला पाऊस पडून गेलेला. एका रविवारी सकाळी संग्रामसागरावर गेलो तर दादा तिथे उभे. पाठीवर पिशवी. हातात कागद, चार घड्या घातलेला. राम राम नाही, कसे आहात नाही. म्हणाले, “तुमचा आदेश तपासला. चूक सापडली.”

मी म्हटलं, सांगा.

“तुम्ही माझी वेळ कुठली घेतली? बावीस मिनिटं. ती पहिल्या फेरीची. तिसऱ्या फेरीची किती होती?”

मी वही काढली. वही नेहमी खिशात असते. तिसऱ्या फेरीची वेळ मीच लिहून ठेवलेली होती: एकतीस मिनिटं.

“एकतीस गुणिले नऊ करा.”

केलं. चार तास एकोणचाळीस मिनिटं. वर पावणेदोन तास विश्रांती. जवळजवळ साडेसहा तास. साडेपाचला निघालेला माणूस बाराला माथ्यावर पोहोचतो. साडेअकराला तो कुठे असतो? विहिरीपाशी. अगदी तिथेच, जिथे आम्ही होतो.

म्हणजे माझ्या कागदाप्रमाणे दादा माथ्यावर पोहोचणं शक्यच नव्हतं. घरून निघालो तेव्हाच ते ठरलेलं होतं. त्यांनी तीन महिने घाम गाळला, शिडीची तालीम केली, नारळ वाहिला, आणि मी ताज्या पायांची वेळ घेऊन दमलेल्या पायांचा बेत आखला. आकडा वहीत होता. मी सरासरीसुद्धा काढली नाही, सगळ्यात चांगला दिसणारा उचलला. दादा म्हणाले, “लेथवर पहिला पीस नेहमी चांगला निघतो. हत्यार बोथट झाल्यावर कसा निघतो ते पाहून माप ठरवायचं असतं. परत फिरण्याच्या वेळेवर मी तुमच्यावर रागावलो होतो. रागवायला पाहिजे होतं निघण्याच्या वेळेवर.”

मी माफी मागितली. तळ्याच्या काठावर, सकाळी फिरायला आलेल्या चार लोकांसमोर. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखं केलं आणि टेकडीकडे चालायला लागले.

तर यंदाचा कागद दादांच्या अक्षरात आहे. रविवारच्या फेऱ्या तीनच्या जागी चार, आणि वेळ चौथ्या फेरीची धरायची. निघायचं पहाटे चारला, म्हणजे तीन तास टॉर्चवर. त्यासाठी आदल्या दिवशी दुपारी पहिल्या शिडीपर्यंत जाऊन वाट उजेडात पाहून यायची. हे मी गेल्या वर्षी केलं नाही, आणि आयुष्यभर पोरांना रेकी शिकवलेल्या माणसाने ते करू नये याला क्षमा नाही. टॉर्चची जास्तीची बॅटरी प्रत्येकाकडे, आणि थंडीत ती आतल्या खिशात. विश्रांती ठरलेल्या जागी, दम लागला म्हणून नव्हे. नारळ यादीत, क्रमांक सात, वाहणार भाचा. शेवटची ओळ लाल शाईची त्यांनी तशीच ठेवली आहे, फक्त वेळ बदलली. माझी साडेअकरा होती. त्यांनी अकरा लिहिली आहे. मी विचारलं, अर्धा तास कमी का केला? म्हणाले, “वय एक वर्षाने वाढलं ना.”

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसायचं. तिकिटं गेल्या वर्षीइतकीच, सात. पण खाली थांबायला आता दुसरं कोणीतरी शोधावं लागणार आहे, कारण वहिनी गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी टाकीच्या शिडीवर दिसताहेत.